थेंबाची मात्रा : घरगुती सुगंधी तेलांचा इतिहास

सोलापूरच्या बाजारांत काष्ठौषधींच्या दुकानासमोर घटकाभर उभें राहिलें, तर एकाच जिनसाची मागणी चार नांवांनीं होतांना ऐकूं येते. मराठी गिऱ्हाईक ओवा मागतें, कानडी बाई ओमा म्हणते, तेलुगु बोलणाऱ्या विणकराच्या घरची आजी वामु मागते आणि उर्दू बोलणारे गृहस्थ अजवाईन. दुकानदार चौघांनाही एकाच डब्यांतून माप घालून देतो. त्याच दुकानाच्या वरच्या फळीवर लहान लहान काळसर बाटल्या मांडलेल्या असतात. कोणांत निलगिरीचें तेल, कोणांत पुदिन्याचें, कोणांत लवंगेचें, गवती चहाचें किंवा वाळ्याचें. झोंप लागत नाहीं, डोकें चढलें आहे, सर्दी हटत नाहीं, मन थाऱ्यावर नाहीं, अशा निरनिराळ्या तक्रारींसाठीं यांतील एखादी बाटली घरीं नेली जाते.

डब्यांतील ओवा आणि बाटलींतील ओव्याचें तेल हीं एकाच वनस्पतीचीं दोन रूपें होत. परंतु त्यांच्या बळांत फार अंतर आहे. शंभर ग्रॅम ओव्यांत तेलाचा अंश सामान्यतः दोन ते चार ग्रॅम असतो. म्हणजे दहा मिलिलिटरच्या एवढ्याशा बाटलींत पाव किलो ते अर्धा किलो ओव्याचें बळ सांठलेलें असतें. गुलाबाच्या बाबतींत तर अत्तराच्या एका थेंबामागें दीड-दोनशें ग्रॅम पाकळ्या खर्ची पडतात. एवढें बळ एका थेंबांत कसें आलें, त्यानें घराला काय दिलें आणि घराजवळचें काय नेलें, हा इतिहास बव्हंशीं आपल्या दक्षिणेंतच घडलेला आहे.

जुन्या घरांत सुगंध पुष्कळ होता. अर्क मात्र क्वचित् असे. दिवाळीच्या अभ्यंगासाठीं जें उटणें कुटलें जाई, त्यांत वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद व सुकलेल्या गुलाबपाकळ्या असत. उन्हाळ्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर गेला कीं माठांत वाळ्याची जुडी पडे आणि खिडक्यांवर वाळ्याचे पडदे भिजवून सोडले जात. पोट दुखूं लागलें तर तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीनें शेकलें जाई. बाळंतिणीच्या खोलींत ओवा, शेपा व वावडिंग यांची धुरी होई. पंढरपुराहून परतणारा वारकरी कपाळीं बुक्का लावून येई, आणि त्या काळ्या सुवासिक पुडीनें सारें घर दरवळे. या सर्व उपचारांत वनस्पति जवळजवळ जशीच्या तशी वापरली जाई. हात थोडा सैल पडला, तरी फारसें बिघडत नसे. वनस्पतीचें शरीर हेंच तिच्या तेलाचें माप होतें.

केसांना व अंगाला लावण्याचीं सुवासिक तेलेंही याच न्यायानें तयार होत. तिळांच्या थरावर ताज्या फुलांचा थर, त्यावर पुन्हा तीळ, अशी मांडणी करून तिळांना वास लागूं द्यावयाचा, कोमेजलेलीं फुलें काढून नवीं घालावयाचीं, आणि शेवटीं ते तीळ घाण्यांत गाळावयाचे. या तेलाला फुलेल म्हणत. त्यांत फुलाचा अंश अल्प आणि तिळाचें तेल बहुत. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तें पहिल्यापासूनच पातळ केलेलें सुगंधी तेल होतें.

या विद्येचा एक मोठा ग्रंथ सोलापूरच्या शेजारींच लिहिला गेला. सोलापूरच्या पूर्वेस असलेल्या कल्याणी येथें, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, चालुक्यांची राजधानी होती, आणि सोलापूरचा मुलूख त्यांच्या राज्यांत मोडत असे. त्या घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानें सुख कसें भोगावें हें सांगतांना त्यानें स्नान, विलेपन, तांबूल, धूप यांना स्वतंत्र प्रकरणें दिलीं आहेत. त्यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सुगंध तेथें सुटा येत नाहीं. कोणत्या ऋतूंत कोणता लेप, स्नानापूर्वीं कोणतें तेल, त्यानंतर काय, असा क्रम त्याला बांधून दिलेला आहे. सुगंधाला काळ आहे, स्थळ आहे आणि प्रमाण आहे, हा विचार राजवाड्यांतही सुटलेला नव्हता.

तथापि ही विद्या राजवाड्यापुरती व संस्कृतापुरती राहिली नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत एका दुर्मिळ हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्यांत गंगाधर नांवाच्या लेखकाचा ‘गंधसार’ हा ग्रंथ होता, आणि त्याच्यासोबत ‘गंधवाद’ नांवाचा दुसरा एक ग्रंथ चक्क मराठी टीकेसह होता. गोडे यांनीं या टीकेचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. हे दोन्ही ग्रंथ पुढें १९८९ सालीं बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाले. ‘गंधसारां’त सुगंधी द्रव्यांवर करावयाचे भावना, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन असे सहा संस्कार सांगितले आहेत. पंडितांच्या करमणुकीसाठीं कोणी मराठी टीका लिहीत बसत नाहीं. ज्याला खरोखर द्रव्यें कुटावयाचीं, भिजवावयाचीं व तोलावयाचीं आहेत, त्याच्यासाठींच ती लिहिली जाते. सुगंधाचें मोजमाप मराठींत समजून घेणारा वर्ग त्या काळीं होता, याचा हा उघड पुरावा होय.

सोलापूरच्या दक्षिणेस विजापूर. सोलापूरच्या किल्ल्यासाठीं विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यांत वारंवार तंटे झाले, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्याच विजापुरांत दुसरा इब्राहीम आदिलशहा याच्या कारकीर्दींत, म्हणजे १५८० ते १६२७ या काळांत, निजामुद्दीन महमूद यानें ‘इत्र-इ-नौरसशाही’ हा सुगंधविद्येवरील फारसी ग्रंथ बादशहासाठीं लिहिला. सुगंध हा केवळ शोभेचा नसून शरीर व चित्त यांचा तोल राखणारा आहे, अशी युनानी वैद्यकाची भूमिका त्यामागें होती. उत्तरेंत याच सुमारास नूरजहानच्या आईनें गुलाबपाण्यावर तरंगणारी तेलाची साय वेचून अत्तर सिद्ध केलें, असें जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

हें अत्तर म्हणजे फुलेलाहून अगदीं निराळी वस्तु. ती भट्टींतून निघते. वनस्पतींतील उडनशील तेलें स्वतंत्रपणें उकळावयाचीं म्हटलीं, तर त्यांना दोनशें अंशांहूनही अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्यांत तीं करपून जातात. परंतु पाण्याच्या वाफेच्या संगतीनें तींच तेलें शंभर अंशांच्या आंतच वर निघून येतात. ती वाफ थंड केली कीं खालीं पाणी आणि वर तेल असे दोन थर पडतात. या साध्या युक्तीनें वनस्पतीचें शरीर मागें राहिलें आणि तिचा गंध सुटा झाला. सुटा झाल्यामुळें तो दूरदेशीं नेतां येऊं लागला, सांठवितां येऊं लागला आणि विकतांही येऊं लागला.

तो कसा विकला गेला, याचें उत्तम उदाहरण खानदेशांत सांपडतें. तेथील डोंगरउतारांवर रोशा नांवाचें उंच, सुवासिक गवत उगवतें. संस्कृतांत त्याला रोहिष म्हणतात. त्याच्या दोन जाती मानतात. कोरड्या उतारावरची ती मोतिया आणि ओलसर जागेंतली ती सोफिया. मोतियाचें तेल अधिक गोड वासाचें व अधिक किंमतीचें. नंदुरबार व पिंपळनेर हीं या तेलाचीं जुनीं ठिकाणें होत. पावसाळा सरल्यावर गवत फुलोऱ्यावर आलें म्हणजे ओढ्याकांठीं भट्ट्या लागत. मोठ्या भांड्यांत पाणी घालून त्यांत गवत दाबून भरीत, झांकणाची फट उडदाच्या पिठानें बुजवीत, आणि वाफ बांबूच्या नळीवाटे दुसऱ्या भांड्यांत नेत. तें भांडें वाहत्या पाण्यांत गळ्यापर्यंत बुडविलेलें असे. शंभर किलो ताज्या गवतांतून सरासरी अर्धा किलोच्या आंतबाहेर तेल मिळतें. गुडघे धरलेल्या, सांधे आखडलेल्या माणसाला हें तेल चोळण्याचा प्रघात होता, आणि संधिवातावरील औषध म्हणून त्याची ख्याति पसरलेली होती.

पण बहुतेक तेल खानदेशांत राहत नसे. तें मुंबईस जाई, तेथून गलबतांनीं तांबड्या समुद्रांतील बंदरांस आणि पुढें तुर्कस्थानांत. तुर्क त्याला इद्रिस तेल म्हणत. त्याचा वास गुलाबाशीं इतका मिळताजुळता कीं, बल्गेरियांतील गुलाबाच्या प्रदेशांत तें गुलाबाच्या अत्तरांत भेसळ म्हणून खपे. कित्येकदां भट्टींत घालण्यापूर्वींच पाकळ्यांवर शिंपडलें जाई. युरोपच्या बाजारांत तें कॉन्स्टँटिनोपलहून पोंचत असल्यामुळें त्याला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असें नांव पडलें. वास्तविक त्यांत तुर्कस्थानचें कांहीं नव्हतें आणि जिरेनियमचेंही कांहीं नव्हतें. १८७१ सालीं ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें याच हिंदी गवताच्या तेलांतून त्याचें मुख्य द्रव्य प्रथम शुद्ध रूपांत वेगळें काढलें. तें जिरॅनिऑल या नांवानें रसायनशास्त्रांत रूढ झालें, आणि जगांतील असंख्य साबण व सुगंधी पदार्थ यांत तें वापरलें जातें. गवत खानदेशचें, भट्टी खानदेशची, धूर खानदेशी माणसाच्या डोळ्यांत गेलेला; आणि द्रव्याला नांव मात्र परक्या फुलाचें. वनस्पतिशास्त्रांत या गवताला जें लॅटिन नांव मिळालें, तेंही लखनौच्या क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनानीच्या नांवावरून. नांव गेलें म्हणजे त्यासोबत भावही जातो, ही गोष्ट व्यापाऱ्याला सांगावी लागत नाहीं.

या व्यापाराचा दुसराही एक परिणाम झाला. जें तेल दुसऱ्याच्या अत्तरांत भेसळ म्हणून जात होतें, त्यांतही वाटेंत टर्पेंटाइन व इतर स्वस्त तेलें मिसळलीं जाऊं लागलीं. गवत डोळ्यांना दिसतें, हातांत धरतां येतें. बाटलींतील द्रवाचें तसें नाहीं. तेथें विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावें लागतें. बाटलीबरोबर विश्वासाचा हा नवा प्रश्न घरांत शिरला, तो अद्याप सुटलेला नाहीं.

ओव्याची कथाही अशीच आहे. ओव्याचा अर्क थंडावला कीं त्यांतून पांढरे स्फटिक सुटे होतात. आपल्याकडे त्यांना ओव्याचें फूल म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत पुणें व दक्षिणेंतील इतर गांवांच्या बाजारांत तें विकलें जात असे. हें फूल आणि युरोपांतील थाइम वनस्पतींतून निघणारा थायमॉल हा पदार्थ एकच, असें त्या शतकाच्या मध्यास रसायनशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. थायमॉल जंतुनाशक आहे हें कळतांच युरोपांत त्याची मागणी वाढली, आणि हिंदुस्थानांतला ओवा पोतींच्या पोतीं भरून जर्मनीस जाऊं लागला. तेथें त्याचा अर्क निघे आणि तयार औषध जगभर विकलें जाई. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, ही वाट एकाएकीं बंद पडली, आणि ज्या देशांत ओवा पिकतो त्या देशालाही थायमॉलची टंचाई भासली. पुढें थायमॉल कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागलें आणि ओव्याची ती पेठ बसली.

त्या काळीं आंतड्यांतील अंकुशकृमि पाडण्यासाठीं थायमॉलचा मोठा उपयोग झाला. पण डॉक्टर तें देतांना रोग्याला बजावीत कीं, या औषधाच्या आगेंमागें तेल, तूप वा मद्य घेऊं नये. कारण त्यांच्या संगतीनें तें रक्तांत भराभर शोषलें जाई आणि जीवावर बेतण्याचें भय असे. चिमूटभर ओवा तुपाबरोबर खाल्ला तर कोणाला कांहीं होत नाहीं; त्याच ओव्याच्या फुलाला मात्र पथ्य लागतें. सुट्या झालेल्या गंधाचा स्वभाव किती बदलतो, हें यावरून स्पष्ट व्हावें.

बाहेर गेलेले हे गंध लौकरच निराळ्या वेषांत घरीं परत आले. १८९३ सालीं मुंबईंत काशीनाथुनि नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनीं ‘अमृतांजन’ हा मलम विक्रीस आणला. १९०१ मध्यें लाहोरास पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनीं ‘अमृतधारा’ काढली. या नांवाची कीर्ति एवढी झाली कीं, ‘लक्ष्मणधारा’ या मिळत्याजुळत्या नांवावरून चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६२ सालीं त्याचा निकाल लागला. घरोघरीं अमृतधारा या नांवानें जें मिश्रण करीत, त्यांत कापूर, पुदिन्याचें फूल व ओव्याचें फूल हे तीन घन पदार्थ असत. तीन कोरडे पदार्थ एकत्र घोटतांच त्यांचें पाणी होतें, हा चमत्कार मुलें डोळे विस्फारून पाहत. वास्तविक तो चमत्कार नव्हे. मिश्रण झाल्यानें त्यांचा वितळण्याचा बिंदु घरांतील हवेच्या उष्णतेखालीं उतरतो, एवढेंच.

‘सुगंधचिकित्सा’ हें नांव तर याहूनही अलीकडचें. रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९३७ सालीं आपल्या ग्रंथाला ‘आरोमातेरापी’ असें नांव दिलें, आणि तोच शब्द पुढें जगभर पसरला. कल्याणी, विजापूर व खानदेश यांना जें पूर्वीं ठाऊक होतें, त्यांतील बराच भाग या नव्या नांवाखालीं आमच्या घरांत पुन्हा विकत आला आहे. येण्यास हरकत नाहीं. मात्र येतांना मापाचा विसर पडला असेल, तर तें पुन्हा शिकून घेतलें पाहिजे.

या तेलांचा खरोखर उपयोग काय, याचें उत्तर आजच्या संशोधनानें बेताचें पण प्रामाणिक दिलें आहे. पातळ केलेलें पुदिन्याचें तेल कपाळावर लावल्यानें ताणामुळें होणारी डोकेदुखी उतरण्यास मदत होते. पुदिन्याच्या तेलाच्या, आंतड्यांत जाऊन विरघळणाऱ्या गोळ्यांनीं पोटांतील मुरड्याच्या कांहीं जुन्या विकारांत उतार पडतो. पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावयाच्या असतात. सर्दींत मेंथॉल हुंगल्यानें नाक मोकळें झाल्यासारखें वाटतें, तें मात्र बव्हंशीं वाटणेंच आहे. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या ज्ञानतंतूंस चेतवितें, आणि आंत गार हवा शिरल्याचा भास होतो. ज्या ग्राहकावर तें काम करतें, त्याचा शोध २००२ सालीं लागला. भासानेंही रोग्याला रात्रीं झोंप लागत असेल, तर त्याला तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. पण ताप, दमा किंवा छातींतील कफ यांवर तें औषध नव्हे, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

भय आहे तें मुख्यतः मुलांना. वीस टक्के कापूर घातलेल्या तेलाच्या एका चमच्यांत सुमारें एक ग्रॅम कापूर असतो. एवढ्या कापरानें लहान मूल दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. कापूर पोटांत गेल्यावर थोड्याच वेळांत झटके येऊं लागतात. निलगिरीचें तेलही थोडक्या चमच्यांत मुलाची शुद्ध हरपवितें. तान्ह्या मुलाच्या नाकाशीं कापूर वा मेंथॉल लावल्यास त्याचा श्वास अडखळूं शकतो. म्हणून दोन वर्षांखालील मुलांना हीं द्रव्यें लावूंच नयेत. चुकून कोणाच्या पोटांत तेल गेलें, तर उलटी करविण्याचा प्रयत्न न करतां, बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गांठावें. मोठ्यांनींही तेल अंगाला निखालस लावूं नये. एका चमचाभर खोबरेलांत वा तिळेलांत दोन-तीन थेंब पुरे होतात. बाळंतिणीच्या बंद खोलींतील धुरी तर आतां सोडलेलीच बरी. तिच्यांतील गंध भला असला, तरी कोळशाचा धूर तान्ह्याच्या कोंवळ्या फुप्फुसांना व बाळंतिणीलाही अपायकारक आहे. जुनें तें सर्वच राखण्याजोगें असतें असें नाहीं.

जें राखण्याजोगें आहे, तें प्रमाण. सोमेश्वराच्या ग्रंथांतील ऋतूंचा क्रम, ‘गंधवादा’च्या मराठी टीकाकाराचें तोलमाप आणि आजीच्या पुरचुंडींतला चिमूटभर ओवा यांचा धडा एकच आहे. भट्टीनें गंधाला वनस्पतीच्या शरीरापासून वेगळें केलें, तेव्हां त्याचें उपजत मापही सुटलें. तें माप आतां बाटली धरणाऱ्या हाताला द्यावें लागतें. खोबरेलांत मिसळलेले दोन थेंब औषध होतात. तीच बाटली मुलाच्या हातीं लागली तर विष होते. म्हणून ती उंच फळीवर, बूच घट्ट लावून, नांव लिहून ठेवावी. आणि तिच्या शेजारीं ओव्याचा जुना डबाही असूं द्यावा. पुष्कळ दुखण्यांना आजही त्यांतील चिमूट पुरेशी असते.